अकरावा उलटा

आमच्या घरात मरणाला कुणी भीत नाही, कारण सगळे ताईला भितात, आणि एका माणसाला एका वेळी एकच भीती झेपते. निदान त्या रविवारी सकाळी नऊ वाजून वीस मिनिटांपर्यंत माझा असा समज होता.

आमचं सायकलींचं दुकान आहे. पुढे दुकान, मागे बाबांची वाकडी चाकं सरळ करायची खोली आणि दोन्हींच्या मधे एक बोळकांडी, जिला ताई ऑफिस म्हणते. त्या ऑफिसात मी बसतो आणि कार्डं करतो. कार्ड म्हणजे तळहाताएवढा जाड, न भिजणारा कागद. त्यावर डोंगरातून आणि तलावांच्या काठाकाठानं जाणारा एक सायकलचा रस्ता उतरवलेला असतो. कितव्या किलोमीटरला डावीकडे, कितव्याला उजवीकडे, कुठे चढ, कुठे उतार. लोक ते हँडलला अडकवतात आणि निघतात. असे अकरा रस्ते आहेत. अकराही बाबांनी वीस वर्षं हिंडून, गळ्यातल्या टेपरेकॉर्डरशी एकट्यानं बडबडत केले. आता बाबांचे गुडघे गेले, रस्ते राहिले.

ताई माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. नोकरी सोडून घरी आली आणि आल्या आल्या तिनं कार्डांचा कारभार हातात घेतला. तिचा पहिला नियम असा की कार्डावर कारण लिहायचं नाही.

"कारण लिहिलं की माणूस वाद घालतो," ती म्हणते. "पुढे खड्डा आहे म्हटलं की तो म्हणतो, एवढासा तर आहे. काय करायचं तेवढं सांगायचं."

म्हणून कार्डावर खुणा असतात. त्यातल्या दोन महत्त्वाच्या. आडवी रेघ आणि तिच्या खाली टिंब, म्हणजे उतरा आणि सायकल हातात धरून चालत जा. आडवी रेघ आणि तिच्या वर टिंब, म्हणजे चढा, रस्ता मोकळा आहे. या खुणा बाबांच्या. टिंब म्हणजे तुम्ही, रेघ म्हणजे सायकल. इतकं सोपं की मलाही कळतं, आणि मला शाळेत गणितात एकदा पूर्ण भोपळा मिळाल्यापासून घरात भोपळ्याच म्हणतात.

ताईचा दुसरा नियम म्हणजे नवीन कार्ड आधी ती स्वतः तपासणार. तेही नवखी म्हणून. जुनं कार्ड बघायचं नाही, बाबांना विचारायचं नाही, फोन घरी ठेवायचा, वाटेत कुणाचं ऐकायचं नाही आणि कार्डावर लिहिलंय ते आणि तेवढंच करायचं. "गिऱ्हाईक बिचारं आपल्यावर विश्वास टाकून जाणार," ती म्हणते. "आपणही तसंच जायचं."

यंदा तिच्या डोक्यात आलं की प्रत्येक रस्ता उलट बाजूनंही करायचा. त्याच तलावाला दुसरीकडून गेलं की तो वेगळाच दिसतो म्हणे. काम माझ्याकडे आलं. मी सायकलवर बसायचं, रस्ता उलटा कापायचा, परत येऊन कार्ड करायचं.

मी खुर्चीवर बसलो आणि कॉम्प्युटरवर केलं. शेवटची ओळ पहिली, पहिली ओळ शेवटची आणि शब्द एका दमात बदलून टाकायचे. डावीकडेचं उजवीकडे, उजवीकडेचं डावीकडे. पहिल्या खेपेला सगळ्या डाव्यांचं उजवं केलं आणि मग सगळ्या उजव्यांचं डावं, तेव्हा तो रस्ता पन्नास किलोमीटर नुसता डावीकडेच वळत होता. मग युक्ती काढली. डाव्याचं आधी 'भोपळा' करायचं, उजव्याचं डावं करायचं आणि शेवटी भोपळ्याचं उजवं. पहिल्या कार्डावर एक भोपळा राहून गेला. 'किलोमीटर सात, भोपळा.' ताई तपासून आली आणि तिनं विचारलं, हे काय. मी म्हटलं, तिथे शेत आहे.

"कारणं लिहायची नाहीत, सांगितलंय ना," ती म्हणाली.

त्यानंतर चौथा उलटा केला. तेव्हा ताईचं मनगट मुरगळलं होतं, म्हणून तपासायला मलाच पाठवलं. मी सायकल घेऊन पहिल्या तलावापर्यंत गेलो, झाडाखाली चार तास झोपलो, परत येताना मागच्या अंगणातल्या कुंडीतला चिखल दोन्ही टायरांना नीट लावला आणि घरात शिरलो. ताईनं टायर बघितले, मान हलवली. चौथा उलटा छापून आला, दोन आठवड्यांत बावीस कार्डं गेली. एकही तक्रार आली नाही. मला स्वतःचं कौतुक वाटलं.

आणि मग अकरावा.

त्या रविवारी ताई सात वाजून चाळीस मिनिटांनी अकरावा उलटा तपासायला निघाली. नऊ वाजून वीस मिनिटांनी बाबा मागच्या खोलीतून आले. एका हातात चहाचा कप, दुसऱ्या हातात पाना. टेबलावर अकराव्याची दुसरी प्रत पडली होती. त्यांनी पाना खिशात टाकला आणि कार्ड डोळ्यांपासून लांब धरून वाचायला लागले.

"फाटक काढलं वाटतं," बाबा म्हणाले.

"कुठलं फाटक?"

"तिसऱ्या धरणाचं. उताराच्या तळाशी. तिथे तू 'चढा' टाकलंयस."

मी मान वर न करता म्हटलं, "काढलं असेल."

"बरं झालं. वळणावरून दिसायचंच नाही ते. धरण करडं, मागे पाणी करडं आणि खात्यानं फाटकालाही करडाच रंग दिलेला. देखाव्याला शोभावा म्हणून." बाबांनी चहाचा घोट घेतला. "आमच्या सायकलवाल्यांतला शिंपी आपटला होता त्याच्यावर. चांगला माणूस. कपडे शिवायचा."

"शिवायचा म्हणजे?"

"आता खांदा वर जात नाही ना त्याचा. आणि बोलताना शीळ वाजते. पुढचे सगळे दात गेले. पण तो ब्रेक धरून उतरत होता म्हणून निभावलं."

मी खुर्चीवरून उठलो. 

मी कार्ड बाबांच्या हातातून घेतलं. बाबांच्या सरळ कार्डावर तिथे असं होतं, 'किलोमीटर चौदा, उतरा. मग चढा. चढ पाच किलोमीटर. अवघड. मधे मधे थांबा.' माझ्या कॉम्प्युटरनं चढाचा उतार केला होता. अवघडचं सोपं मी हातानं केलं होतं आणि 'मधे मधे थांबा'चं काय करायचं ते न सुचल्यानं 'मधे थांबू नका' करून टाकलं होतं. पण खुणा म्हणजे चित्रं. चित्रांना शब्द बदलायची आज्ञा लागू होत नाही. ओळी उलट्या झाल्या, खुणा होत्या तशाच राहिल्या. त्यामुळे उलट येणाऱ्याला फाटकाच्या अलीकडे 'चढा' दिसत होतं आणि फाटकाच्या पलीकडे 'उतरा'.

'किलोमीटर एक्केचाळीस. उतार पाच किलोमीटर. सोपा. मधे थांबू नका. किलोमीटर सेहेचाळीस, चढा, रस्ता मोकळा.'

आणि ताई कार्डावर लिहिलंय ते आणि तेवढंच करते.

मी तिला फोन लावला. टेबलाच्या खणात काहीतरी थरथरायला लागलं.

"ताईचा फोन वाजतोय," बाबा म्हणाले.

मी हिशोब केला. ताई डोंगरात ताशी अठरा किलोमीटरनं जाते, कमी नाही, जास्त नाही, घड्याळ तिच्याकडे बघून लावावं. सात चाळीसला निघाली म्हणजे सेहेचाळिसाव्या किलोमीटरला दहा वाजून तेरा मिनिटांनी. मोटारीचा रस्ता तिन्ही तलावांना वळसा घालून जातो, त्यानं पोचायला तासाहून जास्त लागतो. धरणांवरून फक्त सायकल जाते. चौदा किलोमीटर. आयुष्यात पहिल्यांदा मला एखादं गणित बरोबर सुटलं आणि उत्तर मुळीच आवडलं नाही.

धरणाच्या कचेरीचा नंबर भिंतीवर बाबांच्या अक्षरात होता. तो लावला. रविवार वाजत राहिला.

"बाबा, मी जरा जाऊन येतो."

"कुठे?"

"अकराव्यावर."

बाबांनी माझ्याकडे नीट बघितलं. "सायकलवर?"

"हो."

"चपला घालून?"

बाबांना खरं सांगायला हवं होतं. पण खरं सांगितलं असतं तर त्यांनी विचारलं असतं, आणि विचारलेल्याला उत्तर द्यायला दोन मिनिटं गेली असती. असं मी स्वतःला सांगितलं. माझी सायकल मी तीन आठवड्यांपूर्वी खोलून ठेवली होती, म्हणून शोकेसमधली काढली. तिच्या हँडलला 'हात लावू नये' अशी पाटी होती. ती सोडायला वेळ नव्हता. मी ती पाटी फडफडवत बाजारातून निघालो आणि लोकांनी खरंच हात लावला नाही.

पहिलं धरण सपाट आहे. एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला खोल दरी आणि मधून सरळ काँक्रीटचा पट्टा. वारा समोरून. धरणांवर पाट्या फार असतात. पोहू नये, बुडण्याचा धोका. कठड्यावर बसू नये, पडण्याचा धोका. मासे धरू नयेत, दंड. खातं प्रत्येक पाटीवर कारण लिहितं, त्यामुळे कठड्यावर बसलेली माणसं पाटीकडे पाठ करून पोहणाऱ्यांकडे बघत असतात. मी ओरडत गेलो की बाजूला व्हा. कुणी विचारलं नाही का ते.

नऊ एक्केचाळीसला पहिलं धरण संपलं. छातीत कुणीतरी पाना घालून पिळत होतं. मला एक गोष्ट सारखी दिसत होती आणि ती भयानक नव्हती, हेच भयानक होतं. ताईचा चहाचा कप. त्याचा कान तुटलाय, तरी ती तोच वापरते आणि दुसऱ्या कुणी घेतला तर काही न बोलता बघत राहते. मला दिसत होतं की तो कप कपाटात आहे आणि तो कुणीही घ्यायला मोकळा आहे.

दुसऱ्या धरणाच्या आधी एक छोटा चढ आहे. त्यावर साखळी पडली. मी उतरलो, साखळी चढवली, हात काळे झाले, बसलो, साखळी परत पडली. बाबा साखळीशी बोलतात. मीही बोललो. जे बोललो ते इथे लिहीत नाही, पण ती चढली. नऊ त्रेपन्न.

दुसऱ्या तलावात पाणी कमी होतं. तळातली जुनी वाट उघडी पडली होती, दोन्ही बाजूंना दगड लावलेली, पाण्यात जाणारी आणि कुठेच न निघणारी. एरवी मी थांबून फोटो काढला असता. त्या दिवशी मी मान फिरवली.

दहा वाजून चार मिनिटांनी तिसऱ्या धरणावर पोचलो. धरणाच्या दूरच्या टोकाला फाटक होतं. होतं म्हणजे, तिथे आहे असं माहीत होतं म्हणून दिसलं. चार आडवे नळ, छातीएवढे उंच, त्यांना जाडजूड साखळी आणि कुलूप. बाजूला माणूस सायकल हातात धरून जेमतेम जाईल एवढी फट. फाटकाशेजारी कपाटाएवढी चौकी आणि चौकीत पहारेकरी खुर्चीवर.

"काका, फाटक उघडा."

पहारेकऱ्यानं वही पुढे ओढली. "नाव, वेळ, काम."

"आधी फाटक उघडा, मग लिहा."

"काम," तो लिहिता लिहिता म्हणाला, "फाटक उघडणे."

"किल्ली कुठंय?"

"खात्यात."

"खातं कुठंय?"

"उद्या उघडेल."

"मग तुम्ही इथे कशाला बसलाय?"

"फाटक बंद आहे ना. त्याच्यावर लक्ष ठेवायला."

मला वाटलं रडू येईल, पण रडायला श्वास लागतो. "माझी बहीण वरून येतेय," मी म्हटलं.

"येऊ दे की. फटीतून जाईल."

"तिला फाटक माहीत नाही. ती न थांबता येतेय. थांबू नका असं कार्डावर लिहिलंय."

पहारेकऱ्याचं पेन थांबलं. "कुणी लिहिलंय?"

मी माझ्या काळ्या हातांकडे बघितलं. त्याला वहीत भरायला तेवढं पुरलं असावं, पण त्यानं वही मिटली.

"तो शिंपी आला होता तसं?" त्यानं विचारलं.

"तो ब्रेक धरून आला होता."

पहारेकरी उठला. माणूस साठीचा, पण असा उठला की खुर्ची मागे पडली. "दात मीच गोळा केले होते त्याचे," तो म्हणाला. "बशीत." एवढं बोलून तो चौकीत शिरला आणि आपली झोपायची गादी ओढून बाहेर काढायला लागला. "मी ही फाटकाला बांधतो. तू वर जा. वळणाच्या वर. वळणाच्या खाली उभा राहून काही उपयोग नाही, मी त्या दिवशी इथेच उभा होतो."

"ती मला बघून थांबायची नाही. वाटेत कुणाचं ऐकायचं नाही असा नियम आहे. हात केला तर हात करेल."

"मग कुणाचं ऐकते?"

"कार्डाचं."

त्यानं माझ्याकडे बघितलं, मग चौकीच्या कोपऱ्याकडे. तिथे पांढऱ्या फक्कीची पिशवी होती, मैदान आखतात ती. धरणाच्या भिंतीवर भेगा दिसल्या की तो त्यांच्या दोन्ही टोकांना फक्कीच्या खुणा करतो, म्हणजे पुढच्या आठवड्यात भेग वाढली का ते कळतं. पिशवी अर्धी होती. ती त्यानं माझ्या हातात दिली. कारण विचारलं नाही. ताईला आवडला असता माणूस.

दहा वाजून सात मिनिटं. मी पिशवी छातीशी धरून चढ पळत चढलो. फाटकापासून वळण ऐंशी पावलं, वळणाच्या वर सरळ रस्त्याचा एक लांब तुकडा. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला झाडं आणि झाडांखाली फार खाली पाणी. चप्पल तुटली, दुसरी मी फेकून दिली. तापलेल्या डांबरावर अनवाणी उभा राहिलो आणि काढायला सुरुवात केली.

हाताला सवय होती. शेकडो वेळा केलेली खूण. आधी आडवी रेघ, या कडेपासून त्या कडेपर्यंत, जाड. मग तिच्या खाली टिंब, परातीएवढं मोठं. फक्की संपत आली तेव्हा टिंब भरून झालं होतं. मी पिशवी उलटी करून झटकली आणि चार पावलं मागे सरून बघितलं. रेघ, खाली टिंब. उतरा. लखलखीत. जीव भांड्यात पडला.

मग वाटलं, ताईला कसं दिसेल ते तिच्या बाजूनं बघावं. मी खुणेला वळसा घालून वर गेलो, तीसेक पावलं, आणि मागे वळलो.

रेघ. वर टिंब.

चढा. रस्ता मोकळा आहे.

मी खालून वर बघत काढली होती. वरून येणाऱ्याला ती उलटी दिसत होती. तीच चूक मी एकाच कामात दोनदा केली होती, एकदा खुर्चीवर बसून आणि एकदा अनवाणी, आणि दुसऱ्या खेपेला ती रस्त्याच्या रुंदीची होती.

तेवढ्यात वरून आवाज आला. ताईच्या मागच्या चाकाचा आवाज मी झोपेतही ओळखीन. पायडल थांबवले की ते चाक किरकिरतं, घड्याळ हजारपट जोरात चालावं तसं. जितका वेग जास्त तितकी किरकिर बारीक. ती इतकी बारीक होती की तुटक ऐकूच येत नव्हती, एक सरळ रेघ होती आवाजाची. डोंगराच्या आडून, वरच्या वळणांतून, मधेच लुप्त होत, परत येत.

मी खाली धावलो. अनवाणी पायांनी टिंब पुसायला लागलो. घासलं, लाथाडलं, अंगातला शर्ट काढून त्यानं पुसलं. फक्की पसरली, टिंबाचा ढग झाला, मग ढगही गेला. आता नुसती रेघ. नुसत्या रेघेला काही अर्थ नाही. नुसती रेघ म्हणजे सायकल आहे आणि माणूस कुठे आहे ते माहीत नाही.

टिंब रेघेच्या वरच्या अंगाला हवं होतं. फक्की नव्हती. पांढरं दुसरं काही नव्हतं. आजूबाजूला दगड होते, ते करडे. आवाज शेवटच्या वळणाच्या अलीकडे आला.

माझ्या अंगात पांढरा बनियन होता.

मी रेघेच्या वर, रस्त्याच्या बरोब्बर मधे, बसलो. गुडघे पोटाशी घेतले, डोकं गुडघ्यांत घातलं, पाठ तिच्याकडे केली आणि जितकं गोल होता येईल तितकं झालो. टिंब म्हणजे तुम्ही, असं बाबा म्हणायचे.

त्या वेळात मी काही विचार केला असं सांगायला आवडलं असतं. केला नाही. डांबराचा वास येत होता. गुडघ्यावर एक मुंगी होती आणि ती घाईत होती. किरकिरीची रेघ जाड होत होती. मला कळत होतं की बहुतेक माणसं असं काही रस्त्यात दिसलं तर बाजूनं काढतील. बाजूनं म्हणजे झाडांकडून. मला हेही कळत होतं की मी चूक असलो, म्हणजे तिसऱ्यांदा, तर ती मला चुकवून, त्याच वेगानं, वळणापलीकडे जाईल आणि मला फक्त ऐकू येईल. मी कान घट्ट दाबले. तरी ऐकू येत होतं.

मग किंचाळल्यासारखा आवाज झाला. ब्रेकचा. लांबच लांब, थांबेचना. जळक्या रबराचा वास आला आणि माझ्या पाठीच्या मणक्याला काहीतरी गरम आणि वाटोळं टेकलं. टेकून राहिलं.



"टिंब जरा मोठं आलंय," ताई म्हणाली.

मला वळता येईना. ती सायकलवरून उतरल्याचं ऐकू आलं. सायकल हातात धरून ती माझ्या शेजारून गेली, रेघ ओलांडली आणि तशीच चालत चालत वळणाकडे निघाली. कारण तिनं विचारलं नाही. खूण उतरा म्हणत होती, ती उतरली होती आणि चालत होती. मी उठून तिच्यामागे गेलो. 

वळणावर ती थांबली.

खाली फाटक होतं, त्याला गादी बांधलेली आणि गादीच्या पुढे पहारेकरी दोन्ही हात पसरून उभा होता. आम्हाला चालत येताना बघून त्यानं हात हळूहळू खाली केले आणि तिथेच जमिनीवर बसला.

ताईनं फाटकाकडे बघितलं. मग मागे, आपण आलो त्या रस्त्याकडे. मग हँडलवरचं कार्ड काढलं आणि वाचलं. ती घडी घालायला गेली, तर कार्ड जाड असतं, त्याला घडी पडत नाही, हे तिला माझ्याहून चांगलं माहीत आहे. तरी ती घालत राहिली.  

"तू या रस्त्यावर आला नव्हतास," ती म्हणाली.

मला तीन थापा तयार मिळाल्या. छापताना चूक झाली. फाटक नवीन आहे. खुणा बाबांनी काढल्या.

"नाही," मी म्हटलं. "खुर्चीवर केलं. शब्द बदलले, खुणा राहिल्या."

ती ओरडेल म्हणून मी वाट बघितली. ओरडली असती तर बरं झालं असतं. ती फाटकापर्यंत चालत गेली, सायकल गादीला टेकवली आणि पहारेकऱ्याशेजारी कठड्याखाली बसली. त्यानं तिला बाटलीतलं पाणी दिलं. ती प्यायली. मग तिनं मान वर केली आणि तिच्या तोंडचं पाणी पळालेलं मी बघितलं.

"चौथा," ती म्हणाली.

मी पायाला लागलेली फक्की झटकायला लागलो.

"भोपळ्या, चौथा तू तपासलास ना?"

"टायरांना कुंडीतला चिखल लावला होता."

"चौथ्यात 'उतरा' किती आहेत?"

"चार."

"कुठे काय आहे तिथे?"

मला आठवेना. आठवायला मी तिथे गेलोच नव्हतो. आणि कार्डावर लिहिलेलं नव्हतं. कारण लिहायचं नसतं.

ताईनं पहारेकऱ्याचा फोन घेतला आणि दुकानात लावला. "बाबा," ती म्हणाली, "हो, दोघंही आहोत. बाबा, चौथ्यावर चार ठिकाणी उतरायला सांगितलंय. का ते सांगा."

बाबा सांगायला लागले. पहारेकऱ्यानं न मागता पेन दिलं. ताई अकराव्याच्या मागच्या कोऱ्या बाजूवर लिहीत गेली आणि मी तिच्या खांद्यावरून वाचत गेलो. आयुष्यात पहिल्यांदा ती कार्डावर कारणं लिहीत होती. किलोमीटर नऊ, पुलावर लोखंडी जाळी, चाक अडकतं. किलोमीटर बावीस, बोगदा, समोरचं दिसत नाही. किलोमीटर एकतीस, कालव्याची फळी, अरुंद. किलोमीटर चाळीस, उतारानंतर जुनी खाण. पुढे तिनं पेन उचललं, ऐकलं आणि खाली टेकवलं. कठडा नाही.

"चौथ्याची किती कार्डं गेली?" तिनं फोनवर हात ठेवून विचारलं.

"बावीस."

"दोन आठवड्यांत?"

"हो."

"आणि तक्रार?"

वारा पडला होता. तलावावर एक लाट नव्हती. पहारेकरीही माझ्याकडे बघत होता.

"एकही नाही," मी म्हटलं.

ताईनं फोन कानाला लावला. "बाबा, चौथा कुणी कुणी नेलाय त्यांना फोन लावायला घ्या. आत्ता. जे उचलतील त्यांच्यापुढे खूण करा." तिनं पेनाला टोपण लावलं. "जे उचलणार नाहीत त्यांचीही यादी ठेवा."

मग ती उठली. फटीतून तिनं आपली सायकल नेली, धरणावर उभी केली आणि धरणावर पडलेली माझी, 'हात लावू नये'वाली, उचलून माझ्या हातात दिली. पहारेकऱ्यानं आपल्या चपला काढून माझ्यापुढे ठेवल्या. दोन नंबर मोठ्या होत्या.

चौथा सुरू होतो तो पहिल्या तलावापासून, मी जिथे झोपलो होतो त्या झाडापासून. आम्ही तिकडे निघालो. ताई नेहमी पुढे असते. त्या दिवशी ती मागे राहिली आणि हातानं मला पुढे व्हायची खूण केली, आणि चौथ्याच्या नवव्या किलोमीटरपर्यंत, जाळीच्या पुलापर्यंत, माझ्या मागे तिचं चाक किरकिरत राहिलं. तिनं पायडल मारणं थांबवलं की मला ऐकू यायचं, आणि प्रत्येक वेळी मी मागे वळून बघितलं.